दहा लाख सह्या

ब्रसेल्सहून आलेलं मुलीचं ते पत्र शिरीषरावांना तोंडपाठ होतं. उत्तर मात्र त्यांनी कधी दिलं नव्हतं. “बाबा, परदेशातल्या आईवडिलांना आमच्याजवळ राहू द्या, अशी मागणी आम्ही सात देशांतले सात नागरिक मांडतोय. वर्षात दहा लाख सह्या जमल्या, तर युरोपियन युनियनला तिचा विचार करावाच लागेल. तुम्हा दोघांना माझ्याकडे का यायचंय, ते एका पानात लिहा. सह्या मागताना लोकांना दाखवीन. – जाई.”

सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये शिरीषराव लिहीत राहिले, फाडत राहिले.

“अहो, लेकीला लिहिताय, परीक्षकाला नाही!” सुलेखाताई म्हणायच्या.

“सगळा युरोप वाचणार, आणि माझं इंग्रजी हे असं.”

“मग बसा शब्दकोश कवटाळून!”

वर्ष सरलं. सह्या अपुऱ्या पडल्या. पुढच्याच महिन्यात सुलेखाताई गेल्या.

आईचे दिवस करून जाई परतली, त्या दुपारी शिरीषरावांनी एकटाकी, मराठीत उत्तर लिहिलं आणि पोस्टात टाकलं.



“जाई, तुझ्याकडे यायचं होतं ते तुझ्या आईला. मला फक्त ती असेल तिथे राहायचं होतं.”