एक तारा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी सांगोल्याच्या बाजारात डाळिंबं नंबरवार लावत होतो. छातीत दुखतंय असं ती महिनाभर सांगत होती. हंगाम संपू दे, मग सोलापूरला दाखवू, असं मी म्हणायचो.

जायच्या आधी आठ दिवस तिनं, गावाच्या नकाशावर गोष्टी ठेवायचं एक ॲप आहे, त्यात आमच्या घराच्या खुणेवर एक गोष्ट स्वतःच्या आवाजात बोलून ठेवली होती. तेराव्यानंतर मी ती लावली. "अहो, ऐकताय ना?" एवढंच ऐकलं आणि घाबरून बंद केली. खाली तारे होते. मी एक दिला.

आज त्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला.

"काका, अभिप्राय हवा होता. एकच तारा दिलात, काय आवडलं नाही?"

"अगं, एक नंबर दिलाय की! आमच्या बाजारात एक नंबर म्हणजे सगळ्यात चांगला माल."

ती हसली. "इथे उलटं आहे, काका. पाच म्हणजे चांगलं. एका ताऱ्याच्या गोष्टी आज सहा वाजता नकाशावरून निघणार."

"मग पाच कर ना, पोरी."

"मला नाही करता येत. एकदा दिलेले तारे बदलायचे तर तुम्हाला गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी लागेल."

गोष्ट चार मिनिटांची आहे. त्यात तिनं दुखण्याचं सांगितलं असेल. मी काय म्हणायचो तेही असेल.

साडेपाच वाजलेत. फोन हातात आहे. गोष्ट मी अजून लावलेली नाही.