आपण तिघंच

बाबांच्या नावापर्यंत आलेला दिपेशचा हात तिथेच अडला. घोडबंदर रोडच्या ऑफिसात हे काम तो डोळे मिटून करायचा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी सर्व्हरवरचं त्याचं अकाउंट बंद. उघडं राहिलेलं दार कुणाच्या हाती लागेल, नेम नाही. पण बाळकुमच्या या घरात, टीव्हीखालच्या या सर्व्हरवर, गेलेला माणूस म्हणजे बाप होता. तेरावं झालं तरी त्याला धीर होत नव्हता.

सर्व्हर त्यानेच आणलेला. घरातले सगळे फोटो एका जागी राहावेत, ज्याला त्याला आपापल्या फोनवर दिसावेत म्हणून. घरात त्याला डबा म्हणायचे. डब्यात चार नावं होती. दिपिकाने जातीबाहेर लग्न केलं आणि ती कल्याणला राहायला गेली, त्या दिवशी बाबा तणतणत घरात आले.

"तिचं नाव काढ त्या डब्यातून."

दिपेशने काढलं. बहिणीचं नाव काढणं जिवावर आलं, पण बापाचा शब्द म्हणजे शब्द. पुढे कधीतरी बाबा सहज विचारल्यासारखं करत म्हणायचे, "आता कोन कोन बगतं रे यातलं?"

"आपण तिघंच. तुम्ही, आई आणि मी." दिपेश ठणकावून सांगायचा. त्यांना बरं वाटावं म्हणून.

"बरं," एवढंच म्हणून ते खाडीकडे तोंड करून बसायचे.

मग मात्र म्हाताऱ्याला फोटोंचं खूळच लागलं. रोज काहीतरी डब्यात टाकायचे. अंगणात सुकत घातलेले बोंबील. भाकऱ्या थापणारी आई, पाठमोरी. मांजरीची पिल्लं. दिपिकाने लावलेली अबोली, फुलावर आलेली. डबा भरत आला तेव्हा दिपेश वैतागला, "बाबा, हे सगळं बघणारंय कोण?" बाबा नुसते हसले.

मयताला दिपिका आलेली. आईच्या गळ्यात पडून रडली, दिपेशकडे तिने वर मान करूनसुद्धा पाहिलं नाही. जाऊन तिला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं. पाय उचलला नाही. बापाला अजून अग्नीही दिला नव्हता, तोवर त्याचा शब्द कसा मोडायचा?

"झालं का रे तुझं? जेवायला ये," आईने आतून हाक मारली. दिपेशने डोळे पुसले आणि बटण दाबलं. बाबांचं अकाउंट बंद झालं.

तो पाटावर बसतो न बसतो तोच फोन वाजला. दिपिका. लग्नानंतर तिने त्याला केलेला हा पहिलाच फोन.

"दादा, डबा बंद पडला का रे? बाबांनी टाकलेले फोटो आत्ता बघत होते, एकदम गेलं सगळं."

"तुझं नाव तर मी कधीच काढलेलं. तुला दिसतंय कसं?"

"बाबांच्या नावाने. त्यांनीच पासवर्ड दिलेला, लग्न झालं त्याच महिन्यात. रोज बघत जा म्हणालेले. पण दादाला कळू देऊ नको म्हणाले. त्याचा राग अजून गेला नाही गं, म्हणाले."