पैलवानांचा फुटबॉल

“पूजी म्हनंल त्येच खरं!”

लहानपणी मेढ्यात विटीदांडूच्या खेळात भांडण पेटलं की कृष्णात असा ओरडायचा. मग पूजा बऱ्याचदा त्यालाच बाद द्यायची, आणि तो दांडू टाकून मुकाट बाजूला व्हायचा. पुढं ती शाळेत खेळाची शिक्षिका झाली, रेफरी झाली; पण शिट्टी ओठांत धरली की तो पोरसवदा आवाज अजून तिच्या कानात उमटायचा.

आजही उमटला. शिराळ्याच्या माळावर एका अंगाला सांगलीचा क्लब, सगळे एका रंगाच्या मोज्यांतले. दुसऱ्या अंगाला मेढ्याच्या तालमीतले अकरा पैलवान. फुटबॉलला त्यांचा पाय लागला तो यंदाच्या दिवाळीनंतर.

“त्यांच्याच गावची पोरगी शिट्टी मारनार व्हय? झालं मग!” सांगलीकरांतून कुणीतरी टोमणा मारला.

टोमणा मारणाऱ्याला निम्मंच ठाऊक होतं. सोमवारी एसटी स्टँडवर कृष्णातनं तिला विचारलं होतं, “लगीन करशील का माझ्यासंगं?” उत्तर ओठांवर आलेलं. तिनं ते गिळलं.

“रविवारी तुझ्या मॅचला मी रेफरी हाय. तवर काय इचारू नगंस.”

“मग जिंकूनच इचारतो,” तो म्हणाला आणि ती पुढं काही बोलायच्या आत चालत्या गाडीत चढला.

आता तो जिंकायला खेळत होता. सांगलीची पोरं वाऱ्यासारखी यायची आणि भिंतीला थडकून माघारी जायची. गोलात उभा दादासो चेंडू असा उराशी धरायचा की जणू वासरूच. एकदा तर कृष्णातनं समोरच्या गड्याला कमरेत धरून अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं. पूजानं पिवळं कार्ड काढलं.

“मी टाकला न्हाई त्याला. ठिवला.”

“धरायचं नाही. पुन्हा केलंस तर बाहेर जाशील.”

तो मान खाली घालून जागेवर गेला. सांगलीकरांचे टोमणे तिथंच थांबले.

मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नव्हता. माणसं उठून उभी राहिली. हलगी घुमायला लागली. तेवढ्यात सांगलीचा जिनेंद्र चेंडू घेऊन सुसाट आला. कृष्णात आडवा गेला, खांद्याला खांदा भिडला, आणि जिनेंद्र सपशेल उताणा पडला. टक्कर नियमातली होती. पूजानं शिट्टी वाजवली नाही.

पण पाठ मातीला लागली होती! तालमीतल्या माणसाला त्याहून मोठी शिट्टी कुठली? कृष्णात जागीच थांबला. वाकून त्यानं जिनेंद्रला हात दिला, उभं केलं, आणि त्याच्या पाठीवरची माती दोन्ही हातांनी झाडू लागला. बाकीचे दहाही थांबले. दादासो गोल सोडून शड्डू ठोकत पुढं आला. हलगीवाल्यानं विजयाचा ठेका धरला.

चेंडू गवतात एकटाच पडला होता. सांगलीच्या दुसऱ्या एका पोरानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पूजाकडं बघितलं. मग बिचकत, दुसऱ्याच्या रानातनं जावं तसा, तो चेंडू घेऊन गेला आणि रिकाम्या गोलात ढकलून आला.

पूजानं एकदा कृष्णातकडं बघितलं. तिनं गोलाची शिट्टी दिली.

“आवं म्याडम, चितपट झाला की त्यो!” दादासो कळवळला. “निकाल लागला न्हवं का?”

“ही कुस्ती नाही, दादासो.”

“मग पडला कशाला?”

जिनेंद्रलाही हसू आवरेना. कृष्णात मात्र हसला नाही. तो पूजाकडं न बघता जागेवर गेला, आणि थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली.

माळ रिता होत गेला. कडेच्या बांधावर बसून कृष्णात बुटांच्या नाड्या सोडत होता. पूजा शेजारी जाऊन बसली, तरी त्यानं मान वर केली नाही.

“हारलो,” तो म्हणाला. “आता कुठल्या तोंडानं इचारू?”

“जिंकून ये, असं मी म्हनलं हुतं का?”

तो नाडीशीच झटत राहिला. गाठ काही सुटेना.

“व्हय,” पूजा म्हणाली. “सोमवारपास्नं व्हयच हाय. त्या पोराची पाठ झाडत हुतास, तवा तर सगळ्या माळाला ऐकू जाईल असं वरडनार हुते. तोंडात शिट्टी हुती म्हनून ऱ्हायलं.”