अस्तर

बादली भरत आली तरी पाणी कोमटच होतं. सोयराबाईंनी त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले, थोडी वाट पाहिली आणि बाहेर काढले. बोटं होती तशीच आखडलेली. अकरा वाजता सरस्वतीपुरमचा नवरदेव बंद गळ्याचा कोट न्यायला येणार होता, आणि त्या कोटाची पाचही काजं अजून व्हायची होती. त्यांचा नवरा नरहरी कापड कापायचा, मशीन मारायचा; काजं मात्र चाळीस वर्षं त्यांच्याच हातची. दुकानाच्या पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

“काजं झाली का?” नरहरीने बाहेरून विचारलं.

पाणी कोमटच येतंय, बोटं वळत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

एवढं पुरे झालं. नरहरीला चोर ठाऊकच होता. वरच्या मजल्यावर मिलिंद आणि मृदुला हे पुण्याहून नोकरीसाठी आलेलं जोडपं भाड्याने राहत होतं. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी तेच दोघं ओढून घेतात, असा त्याचा हिशेब. दोन माणसं अंघोळीला ओढून ओढून किती ओढतील, हा आकडा त्या हिशेबात कधी आला नव्हता. आज त्यांचा कॉकच बंद करतो म्हणत तो बाहेरच्या जिन्याने तरातरा निघाला. जानेवारीची सकाळ, म्हणून बनियनवर त्याने स्वतः शिवलेला कोट चढवला होता. वर लोकर, मध्ये कॅनव्हास, आत अस्तर. ह्यात वारा शिरून दाखवावा, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

सोयराबाईही मागून निघाल्या. गडबडीत नळ चालूच राहिला.

जिन्याला कठडा नव्हता. आधाराला होता तो गच्चीवरून भिंतीलगत उतरलेला उघडा लोखंडी पाईप. खालच्या पायरीवर तो हाताला कोमट लागला. सहाव्या पायरीवर उबदार. वळणाशी त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि तिथेच थांबल्या. बोटं एकेक करून सुटू लागली. आणखी चार पायऱ्या चढल्यावर हात ठेववेना.

त्यांनी वाकून खाली पाहिलं. तीस फूट पाईप, अंगावर चिंधी नाही. चोर घरात नव्हताच. सोलर पाणी कढत देत होता आणि हा वाटेत सगळी ऊब भिंतीला, वाऱ्याला वाटत खाली येत होता.

बसवतानाच प्लंबर वादिराजने सांगितलं होतं, ह्याला फोम गुंडाळा. त्यावर नरहरी म्हणाला होता, पाईपाला स्वेटर कशाला, त्याला काय सर्दी होते? ती थट्टा त्याला एवढी आवडली, की पुढची तीन वर्षं माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने ती ऐकवली. सोयराबाई दर वेळी हसल्या होत्या. त्या हसण्याचाही आता त्यांना राग आला.

वर मृदुलाच्या दारात नरहरीचा आवाज चढला होता. भाडं खोल्यांचं ठरलंय, सूर्याचं नाही, असं तो तिला ऐकवत होता.

“काका, आम्ही चार दिवस पुण्याला होतो,” मृदुला म्हणाली. “काल रात्री आलो. त्या चार दिवसांत तुमच्याकडे कढत पाणी आलं का?”

नरहरीने आभाळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, ते चारी दिवस ढग होते.

“ढग नव्हते,” सोयराबाई मागून म्हणाल्या. “मी सांडगे वाळवले.”

“तू सुम्ने रहा, गप्प,” तो वळून म्हणाला. “खाली जा, काजं बघ.”

“कोट काढा.”

“काय?”

“कोट काढा म्हणते.”

भाडेकरणीसमोर बायकोशी किती वेळ वाद घालायचा? त्याने कोट काढला. सोयराबाईंनी तो पाईपाभोवती घातला, बाह्या मागे नेऊन आवळून गाठ मारली, आणि समोरची बटणं लावायला घेतली. पहिलं, दुसरं, तिसरं. बोटं कुठे अडली नाहीत. पाचवं काजात गेलं तेव्हा त्यांनी कॉलर नीट केली.

“स्वेटर नव्हता घरात,” त्या म्हणाल्या.

गच्चीवरून वारा उतरला. बनियनवर उभ्या नरहरीचे हात आपोआप काखेत गेले. मृदुलाला ते बघवेना. शाल आणते म्हणत ती आत वळली.

“राहू दे ग,” सोयराबाई म्हणाल्या. “थोडा वेळ उघडंच राहू दे त्यांना.”