भाताचा शेंडा

नवा कॉम्प्युटर आला म्हणून योग्याकार्ताच्या आमच्या ऑफिसात इथल्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या भाताचा डोंगर मांडला होता. शेंडा आधी साहेबांच्या ताटात, मग बाकीच्यांनी खायचं.

"सुगेंग, आधी बॅकअप घे," विनार्नोसाहेब म्हणाले.

भुकेल्या सुगेंगने टाइप करायचा कंटाळा केला. वरचा बाण दाबून जुनीच कमांड उचलली आणि न वाचता एंटर मारलं. ती नेमकी गेल्या वर्षीचा बॅकअप परत चढवायची निघाली. वर्षभराच्या नोंदी गायब!

"गाढवा, नोकरीवरून काढलं तुला! चालता हो!" साहेब ओरडले.

सुगेंगने पडद्यावरची कर्मचाऱ्यांची यादी शांतपणे वाचली.

"अरे विनार्नो, इथे तर तुझी बढती झालेलीच नाही. तू अजून माझ्याच हाताखाली आहेस. आण बघू तो शेंडा इकडे."