पंधरा दिवस आधी

"भाऊ, एक तास तरी पाणी अडवा जी," वनरक्षक वच्छला फोनवर गयावया करत होती.

"मॅडम, खाली धान वाळून चाललंय. हरणांना सांगा, टाइम पाहून बाळंत व्हा," कालव्याचा चौकीदार म्हणाला.

दरवर्षी चितळांचा कळप कोरडा कालवा ओलांडून पलीकडच्या रानात वीत असे. यंदा एक मादी पंधरा दिवस आधीच, कालव्यातच व्याली. गुळगुळीत सिमेंटवरून पाडस सारखं घसरत होतं.

माणसाचा वास लागू नये म्हणून वच्छलानं हातांना चितळाच्या लेंड्या चोळल्या, पाडस उचलून पलीकडच्या काठावर ठेवलं नि पळसाआड दडली. पलीकडे थांबलेल्या कळपातून त्याची आई बिचकत बिचकत जवळ आली.

तेवढ्यात खिशातला फोन खणखणला. कळप रानात उधळला. पाडस एकटंच उरलं.

"घ्या मॅडम, अडवलं पाणी. आता तरी खूश?"