खोडाचा आवाज

कुऱ्हाडीची पाठ सागाच्या खोडावर ठोकताच दसरू थबकला. आवाज पोकळ आला.

"लाल खूण आहे ना भाऊ? मग घाल घाव!" तोडकऱ्यांची टोळी हसली.

खूण खरीच होती. हे झाड तोडायला हरकत नाही, असं वन्यजीव संस्थेच्या मॅडमनी स्वतः तपासून केलेली. पण ढोलीचे एक जरी झाड पडले, तर गावाने संस्थेशी केलेला करार मोडणार होता आणि तोड कायमची बंद होणार होती.

त्याने मॅडमना बोलावले. त्या झाडाभोवती फिरल्या. "ढोली कुठाय, दसरूभाऊ? दुर्बिणीतूनही दिसत नाही."

"वेलीमागं असेल. चाळीस वर्षं झाडं पाडतोय, मॅडम. आत कोण राहत होतं, ते झाड आडवं झाल्यावरच कळायचं."

त्याने पुन्हा हलकेच ठोकले. वेलीची पाने हलली आणि दोन टपोरे डोळे खाली डोकावले. उडती खार!

मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. "तीन वर्षं हिला शोधतेय मी. यापुढे आधी तुम्ही ऐकायचं, मग मी खूण करणार."

दसरू ताठ मानेने पुढच्या सागाकडे वळला. त्याने कुऱ्हाड उलटी धरली, तशी सगळी टोळी आपसूक गप्प झाली.